आडवा पडलेला मोबाइल व्हिडिओ सरळ कसा करावा: दिशा ओळखण्यापासून दुरुस्तीपर्यंत

मोबाइल उभा धरून काढलेला व्हिडिओ संगणकावर उघडला आणि माणसे आडवी पडलेली दिसली, की हात आपोआप एखाद्या संपादन सॉफ्टवेअरकडे जातो. व्हिडिओ आत टाकायचा, नव्वद अंशांनी फिरवायचा, नवी फाइल काढायची. काम होते, पण त्यात चित्राचा दर्जा घटतो, वेळ जातो, चित्रीकरणाची मूळ तारीख आणि ठिकाण पुसले जाण्याची शक्यता असते. पुष्कळदा याची काहीच गरज नसते. आडव्या दिसणाऱ्या बहुतेक फाइलींमध्ये चित्र जसे असायला हवे तसेच असते. बिघडलेली असते ती ३६ बाइटची एक नोंद, किंवा ती नोंद न वाचणारा प्लेयर. म्हणून आधी निदान, मग नोंदीची दुरुस्ती, आणि अगदीच इलाज नसेल तेव्हा चित्र नव्याने एन्कोड करणे (म्हणजे पूर्ण व्हिडिओ पुन्हा दाबून लिहिणे), हा क्रम सोडू नये.

फोन नेमके काय लिहितो

कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये एका ठरावीक दिशेने पक्का बसवलेला असतो. फोन उभा असो वा आडवा, सेन्सरवरून ओळी त्याच क्रमाने वाचल्या जातात आणि फ्रेम १९२० × १०८० अशी आडवीच तयार होते. सेकंदाला तीस किंवा साठ फ्रेम फिरवत बसण्यापेक्षा फोन सोपा मार्ग घेतो. रेकॉर्डिंग सुरू होताना तो ॲक्सेलरोमीटरला, म्हणजे फोनचा कल ओळखणाऱ्या सेन्सरला, विचारतो की गुरुत्वाकर्षण कोणत्या बाजूला आहे, आणि त्यावरून फाइलमध्ये लिहून ठेवतो: दाखवताना हे चित्र इतक्या अंशांनी फिरवा. पार्सलच्या खोक्यावर ‘ही बाजू वर’ अशी चिठ्ठी असते, तशी ही नोंद. आतल्या मालाला तिने काही होत नाही, पण खोके हाताळणाऱ्याने ती वाचली पाहिजे.

ही नोंद एमपी४ आणि एमओव्ही या दोन्ही प्रकारांत एकाच जागी असते. फाइलच्या ‘मूव्ह’ नावाच्या भागात प्रत्येक ट्रॅकसाठी एक ‘ट्रॅक’ खोका (फाइलचा उपविभाग), त्याच्या आत ‘टीकेएचडी’ म्हणजे ट्रॅकचे शीर्षक, आणि त्या शीर्षकात नऊ आकड्यांचे एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता. प्रत्येक आकडा चार बाइटचा, एकूण ३६ बाइट. त्यातले चार आकडे कोन ठरवतात, दोन आकडे चित्र किती सरकवायचे ते सांगतात, उरलेले तीन एरवी बदलत नाहीत.

हे सगळे रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच ठरते. अँड्रॉइडवर कॅमेरा ॲपला ०, ९०, १८० किंवा २७० यांपैकी एक कोन रेकॉर्डरला तयारीच्या टप्प्यातच द्यावा लागतो. नंतर फोन कितीही फिरवला तरी त्या फाइलची नोंद बदलत नाही. बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच आहे.

दुसरे मूळ ॲक्सेलरोमीटरच्या मर्यादेत आहे. टेबलावरचा कागद, स्वयंपाकाचा ओटा किंवा जमिनीवरची रांगोळी वरून टिपताना फोन जमिनीला समांतर असतो. गुरुत्वाकर्षण तेव्हा फोनच्या पाठीतून आरपार जाते. कोणती कड ‘वर’ आहे हे सेन्सरला कळण्याचा मार्गच उरत नाही. फोन मग आधीची शेवटची दिशा धरून चालतो. वरून काढलेले व्हिडिओ वारंवार आडवे किंवा उलटे निघतात ते यामुळे.

कोन वाचायचा कसा

यासाठी तीन विनामूल्य साधने उपयोगी आहेत: मीडियाइन्फो, एक्झिफटूल आणि एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनासोबत येणारे एफएफप्रोब. पुढे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्यांची अक्षरे आणि आकडे रोमनमध्येच टाइप करायचे, मधली चिन्हे व मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवायच्या.

ज्यांना टर्मिनल नको त्यांनी मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडावी आणि व्हिडिओच्या विभागात ‘रोटेशन’ ही ओळ शोधावी. कोन शून्य असेल तर ही ओळ दिसतच नाही. ती नसणे म्हणजे ‘फिरवू नका’ असाच अर्थ घ्यायचा.

एक्झिफटूलसाठी:

एक्झिफटूल -रोटेशन -इमेजसाइझ व्हिडिओ.एमपी४

एफएफप्रोबला नुसते फाइलचे नाव दिले तरी पुरते. व्हिडिओ ट्रॅकच्या माहितीखाली ‘डिस्प्ले मॅट्रिक्स’ अशी ओळ येते आणि तिच्यात कोन असतो.

इथे एक मोठा खड्डा आहे. मीडियाइन्फो आणि एक्झिफटूल कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. एफएफप्रोबची ‘डिस्प्ले मॅट्रिक्स’ ओळ काट्यांच्या उलट दिशेने मोजते. त्यामुळे नेहमीसारख्या उभ्या व्हिडिओसाठी पहिली दोन साधने ९० सांगतात आणि एफएफप्रोब -९० सांगतो. दोन्ही बरोबर आहेत. २७० असेल तिथे एफएफप्रोब ९० दाखवतो. १८० ला दिशेचा फरक पडत नाही, तिथे फक्त चिन्ह कधी उणे दिसते. भर म्हणजे एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्या ‘रोटेट’ नावाचा वेगळा टॅग दाखवत आणि तो काट्यांच्या दिशेने असे. इंटरनेटवरची जुनी उत्तरे त्या टॅगवर बेतलेली आहेत. ती नव्या आवृत्तीवर चालवली की काहीच होत नाही किंवा चित्र नेमके उलट बाजूला वळते. गोंधळ टाळण्यासाठी पूर्ण कामात एकच साधन मोजमापाला धरावे. या लेखात कोन म्हणजे एक्झिफटूलचा कोन, काट्यांच्या दिशेने मोजलेला.

एका फाइलऐवजी पूर्ण फोल्डर तपासायचा असेल तर:

एक्झिफटूल -टी -फाइलनेम -इमेजसाइझ -रोटेशन फोल्डर > यादी.टीएक्सटी

यातला ‘टी’ रोमन मोठ्या लिपीतला. प्रत्येक फाइलची एक ओळ तयार होते, रकाने टॅबने वेगळे होतात, आणि यादी थेट स्प्रेडशीटमध्ये उघडता येते. शेकडो फाइली असतील तर ही यादी काढल्याशिवाय एकाही फाइलला हात लावू नये.

निदान: पाच वेगवेगळे आजार

लक्षण एकच, ‘व्हिडिओ आडवा दिसतो’, पण कारणे किमान पाच. प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे आणि चुकीचा इलाज केला तर दुसरा बिघाड ओढवतो.

पहिले कारण: नोंद बरोबर आहे, प्लेयर ती वाचत नाही. तीच फाइल व्हीएलसीमध्ये आणि फोनच्या गॅलरीत उघडून पाहा. तिथे सरळ दिसली तर फाइलमध्ये दोष नाही. जुन्या टीव्ही संचांतले किंवा प्रोजेक्टरमधले अंगचे यूएसबी प्लेयर, काही डिजिटल फोटोफ्रेम, जुनी संपादन सॉफ्टवेअर या गटात येतात.

दुसरे: नोंद चुकीची आहे. सगळे चांगले प्लेयर एकमताने चित्र आडवे किंवा उलटे दाखवतात आणि कोनाची ओळ काहीतरी भलतेच सांगते. वरून काढलेले व्हिडिओ आणि मध्येच पटकन उचलून सुरू केलेले रेकॉर्डिंग इथे सापडतात.

तिसरे: नोंद हरवली. मूळ फाइलमध्ये ९० होते, रूपांतरानंतर शून्य झाले, चित्र मात्र फिरवले गेले नाही. एव्हीआयमध्ये अशा नोंदीला जागाच नाही. एमकेव्हीमध्ये जागा आहे, पण वेगळ्या नावाची आणि अनेक प्लेयर तिच्याकडे पाहत नाहीत. म्हणून ‘नुसता डबा (फाइलचा प्रकार) बदलला, दर्जा तोच ठेवला’ असे रूपांतर अनेकदा दिशा गमावते. यात बहुधा फ्रेमचा आकार १९२० × १०८०, कोन शून्य, आणि चित्रात माणूस आडवा असे दिसते.

चौथे: चित्र दोनदा फिरले. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने पिक्सेल फिरवले आणि जुनी नोंदही तशीच राहू दिली. ओळखण्याची खूण पक्की आहे: फ्रेमचा आकार १०८० × १९२० असा उभा आणि तरीही कोन ९० किंवा २७०. फोनमधून थेट आलेल्या फाइलीत फ्रेम सहसा आडवी असते. उभी फ्रेम आणि सोबत नव्वदचा कोन दिसला की फाइल कुठल्यातरी सॉफ्टवेअरमधून गेलेली आहे असे धरून चालावे.

पाचवे: रेकॉर्डिंग चालू असताना फोन फिरवला. सुरुवात सरळ, नंतर आडवे, किंवा याच्या उलट. एका ट्रॅकला एकच नोंद असते, त्यामुळे नोंद बदलून हा व्हिडिओ कधीच पूर्ण सरळ होणार नाही.

याशिवाय आरशासारखे उलटलेले चित्र हा वेगळाच प्रकार आहे. पुढच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओत तो भेटतो. चित्रातली अक्षरे उलटी वाचली जात असतील तर कितीही अंश फिरवून उपयोग नाही, तिथे पलटवावे लागते. मॅट्रिक्स पाहता येत असेल तर खात्री गणिताने होते. कोनाचे चार आकडे क्रमाने क, ख, ग, घ मानले, तर क × घ वजा ख × ग याचे उत्तर १ आले की ते शुद्ध फिरवणे, उणे १ आले की त्यात आरसा आहे.

नोंद दुरुस्त करणे

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कारणासाठी हाच इलाज. चित्राला धक्का लागत नाही, आवाज तसाच राहतो, दहा मिनिटांचा व्हिडिओ काही सेकंदांत दुरुस्त होतो.

नवा कोन किती द्यायचा हे अंदाजाने ठरवू नये. नोंद पाळणाऱ्या प्लेयरमध्ये (व्हीएलसी चालेल) व्हिडिओ उघडा आणि माणसाचे डोके पडद्यावर कोणत्या बाजूला आहे ते पाहा. डोके डावीकडे असेल तर काट्यांच्या दिशेने आणखी ९० हवेत. डोके उजवीकडे असेल तर २७०. खाली असेल तर १८०. हा आकडा सध्याच्या कोनात मिळवा. बेरीज ३६० किंवा जास्त झाली तर त्यातून ३६० वजा करा. सध्या ९० आहे आणि चित्र उलटे दिसते, म्हणजे ९० + १८० = २७०. सध्या २७० आहे आणि डोके डावीकडे, म्हणजे २७० + ९० = ३६०, अर्थात शून्य. चौथ्या कारणातल्या फाइलींचे उत्तर जवळजवळ नेहमीच शून्य येते.

मग:

एक्झिफटूल -रोटेशन=२७० व्हिडिओ.एमपी४

एक्झिफटूल मूळ फाइल नावापुढे ‘ओरिजिनल’ जोडून बाजूला ठेवतो आणि दुरुस्त प्रत मूळ नावाने लिहितो. म्हणजे डिस्कवर फाइलच्या आकाराएवढी जागा मोकळी हवी. २ जीबीपेक्षा मोठ्या फाइली जुन्या आवृत्त्या नाकारतात; तिथे ‘लार्जफाइलसपोर्ट’ हा एपीआय पर्याय १ करून द्यावा किंवा सरळ नवी आवृत्ती घ्यावी. दुरुस्ती पाहून खात्री झाल्यावरच मागे ठेवलेल्या मूळ प्रती काढाव्यात.

एकाच चुकीच्या अनेक फाइली असतील तर अट घालता येते. १८० असलेल्या सगळ्या फाइली शून्यावर आणण्यासाठी:

एक्झिफटूल -रोटेशन=० -इफ '$रोटेशन == १८०' फोल्डर

विंडोजवर एकेरी अवतरणचिन्हांच्या जागी दुहेरी वापरावी लागतात. अट कोनावर आहे, चित्रावर नाही, हे विसरू नये. १८० असलेल्या काही फाइली बरोबरही असू शकतात, कारण फोन दुसऱ्या बाजूने आडवा धरला की नोंद रास्तपणे १८० होते. म्हणून चुकीच्या फाइली आधी वेगळ्या फोल्डरमध्ये काढाव्यात आणि कमांड फक्त तिथेच चालवावी.

एक्झिफटूलला पहिली पसंती देण्याचे कारण असे की तो फाइलमधले बाकी सगळे जागच्या जागी ठेवतो: तारीख, जीपीएस, फोनने जोडलेले जास्तीचे डेटा ट्रॅक. एफएफएमपेगनेही हेच काम होते, पण तिथे काळजी जास्त घ्यावी लागते. आवृत्ती ६.० पासून त्यात थेट पर्याय आला आहे:

एफएफएमपेग -डिस्प्ले_रोटेशन -९० -आय मूळ.एमपी४ -सी कॉपी नवी.एमपी४

कोन काट्यांच्या उलट मोजला जातो, म्हणून एक्झिफटूलच्या ९० साठी इथे -९०. हा पर्याय ‘-आय’च्या आधीच यायला हवा, कारण तो येणाऱ्या फाइलीला लागू होतो, नंतर लिहिला तर चालत नाही. ‘-सी कॉपी’ विसरले तर एफएफएमपेग अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करायला घेतो. मुद्दाम काही सांगितले नाही तर तो एक व्हिडिओ आणि एक आवाजाचा ट्रॅक तेवढा उचलतो, बाकीचे गाळतो. सगळे ट्रॅक उचलायला ‘-मॅप ०’ द्यावे, पण आयफोनच्या एमओव्हीमधले काही डेटा ट्रॅक त्याला ओळखता येत नाहीत आणि काम मध्येच थांबते. अशा वेळी व्हिडिओ आणि आवाज वेगवेगळे मॅप करावेत, किंवा एक्झिफटूलकडे परत यावे. आरशाचा प्रकार असेल तर ‘-डिस्प्ले_एचफ्लिप’ हा पर्याय याच जागी बसतो. तो फिरवण्यानंतर लागू होतो.

खिडकी आणि बटणे हवी असतील तर लॉसलेसकट या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये आउटपुटचा कोन बदलण्याचे बटण आहे. तेही फक्त नोंद बदलते. त्यातल्या पूर्वदृश्यावर विसंबू नये, तयार फाइल वेगळ्या प्लेयरमध्ये पाहावी.

हेक्स संपादकाने

फाइल प्रचंड मोठी आहे, प्रत काढायला जागा नाही, अशा वेळी हेक्स संपादकाने, म्हणजे फाइलचे बाइट थेट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ३६ बाइट हाताने बदलता येतात. मजकूर शोधण्याच्या सोयीने ‘टीकेएचडी’ ही चार रोमन अक्षरे शोधा. एकापेक्षा जास्त सापडतील, प्रत्येक ट्रॅकचे एक. त्याआधीचे चार बाइट खोक्याचा आकार सांगतात. नेहमीच्या प्रकारात तो ९२ बाइट असतो. नावाच्या पहिल्या अक्षरापासून ४४ बाइट पुढे गेले की मॅट्रिक्स सुरू होते. मॅट्रिक्सनंतरच्या आठ बाइटमध्ये रुंदी आणि उंची असते. ती दोन्ही शून्य असतील तर तो आवाजाचा ट्रॅक, त्याला हात लावू नये. खोक्याचा आकार १०४ असेल तर तारखा आठ-आठ बाइटच्या आहेत आणि मॅट्रिक्स ५६ बाइट पुढे आहे.

आत ‘एक’ हा आकडा ०० ०१ ०० ०० असा आणि ‘उणे एक’ एफएफ एफएफ ०० ०० असा लिहिलेला असतो. नऊ आकड्यांपैकी पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा कोन ठरवतात:

- शून्य अंश: १, ०, ०, १
- ९० अंश: ०, १, -१, ०
- १८० अंश: -१, ०, ०, -१
- २७० अंश: ०, -१, १, ०

सातवा आणि आठवा आकडा सरकवण्याचे. ९० ला सातव्या जागी फ्रेमची उंची येते, २७० ला आठव्या जागी रुंदी, १८० ला दोन्ही. काही फाइलींत ते शून्यच असतात आणि तरी चालते, कारण बहुतेक प्लेयर कोन तेवढा बघून चित्र स्वतः जागेवर बसवतात. नववा आकडा ४० ०० ०० ०० असतो, त्याला बदलू नये. बाइटांच्या जागी बाइट लिहायचे. एकही वाढवला किंवा कमी केला तर पुढचे सगळे पत्ते सरकतात आणि फाइल उघडणार नाही.

चित्रच फिरवावे लागते तेव्हा

पहिल्या कारणात, म्हणजे नोंद न वाचणाऱ्या यंत्रावरच व्हिडिओ दाखवायचा असेल तर, पिक्सेल फिरवण्यावाचून मार्ग नाही. जेपीईजी फोटो दर्जा न गमावता फिरवण्याची युक्ती आहे, तशी ती एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीने दाबलेल्या व्हिडिओला लागू होत नाही. तिथे प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यांवरून आणि आधीच्या फ्रेमवरून वर्तवलेला असतो. दिशा बदलली की ती साखळी तुटते, आणि पुन्हा एन्कोड करावेच लागते.

यासाठी नियम एकच: आधी नोंद बरोबर करा, मग एन्कोड करा. नोंद बरोबर असेल तर एफएफएमपेग एन्कोड करताना चित्र आपोआप फिरवतो आणि नव्या फाइलमधली नोंद शून्य करतो. वेगळा फिल्टर लागत नाही:

एफएफएमपेग -आय मूळ.एमपी४ -सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ १८ -प्रीसेट स्लो -सी:ए कॉपी -मॅप_मेटाडेटा ० नवी.एमपी४

सीआरएफ हा दर्जाचा आकडा, जितका लहान तितका दर्जा चांगला. सीआरएफ १८ ला डोळ्यांना फरक सहसा जाणवत नाही; २३ पर्यंत गेले तर फाइल बरीच लहान होते आणि बारीक पोत थोडा हरवतो. आवाज फक्त उतरवला जातो, त्याला पुन्हा दाबण्याचे कारण नाही.

चुका होतात त्या ‘ट्रान्सपोज’ फिल्टरमुळे. सापडलेल्या उत्तरातून ‘ट्रान्सपोज=१’ उचलून वरच्या कमांडला जोडले, तर एफएफएमपेगने आधीच सरळ केलेले चित्र पुन्हा नव्वद अंशांनी वळते. मग कोणीतरी ‘-नोऑटोरोटेट’ सुचवतो. त्याने आपोआप फिरणे थांबते, पण जुनी नोंद नव्या फाइलमध्ये जाऊन बसते आणि चौथ्या कारणातला बिघाड तयार होतो. फिल्टर स्वतःच वापरायचा असेल तर ‘-आय’च्या आधी ‘-डिस्प्ले_रोटेशन ०’ द्यावे, म्हणजे जुनी नोंद पुसली जाते, आणि मग फिल्टर लावावा. ट्रान्सपोज १ म्हणजे काट्यांच्या दिशेने ९०, २ म्हणजे काट्यांच्या उलट ९०. ० आणि ३ यांत उभे पलटणेही मिसळलेले असते, ते सहसा नको असते. १८० साठी एचफ्लिप आणि व्हीफ्लिप एकामागोमाग.

एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराची जास्त व्याप्ती टिपणाऱ्या प्रकारात, काढलेले दहा-बिट व्हिडिओ वरच्या कमांडने बिघडतात: रंग फिके, करडे पडतात, कारण उजेडाची माहिती साध्या व्हिडिओच्या मापात बसत नाही. अशा फाइलींवर फक्त नोंद बदलावी. यंत्रासाठी साधी प्रत हवीच असेल तर आधी टोन मॅपिंग करून (उजेड साध्या मापात बसवून) ती वेगळी बनवावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

मध्येच फिरलेला फोन

पाचव्या कारणासाठी व्हिडिओ कापावाच लागतो. ज्या क्षणी फोन वळला तो क्षण शोधा. वळतानाचे एखाद-दोन सेकंद गाळलेलेच बरे. नंतर सरळ आणि आडवा असे दोन तुकडे करा. नुसत्या कॉपीने कापले तर काप जवळच्या कीफ्रेमवरच (इतर फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण फ्रेमवर) पडतो, म्हणून इथे एन्कोड करणेच सोयीचे.

आडवा तुकडा फिरवून सरळ केला की दोन्ही तुकडे वेगळ्या आकाराचे होतात, एक आडवा, एक उभा. ते एका फ्रेममध्ये आणायला हवेत. १९२० × १०८० च्या अंतिम फ्रेमसाठी उभ्या तुकड्याला ‘स्केल=-२:१०८०’ आणि त्यापुढे ‘पॅड=१९२०:१०८०:(ओडब्ल्यू-आयडब्ल्यू)/२:०’ असे फिल्टर द्या. उभे चित्र ६०८ पिक्सेल रुंद होऊन मधोमध बसते, दोन्ही बाजूंना काळी पट्टी येते. जोडताना दोन्हींचा फ्रेम रेट आणि आवाजाचा प्रकारही सारखा हवा. फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात, म्हणून दोन्ही तुकडे एन्कोड करताना ३० असा स्थिर दर द्यावा.

वेगवेगळ्या कोनांच्या दोन फाइली एन्कोड न करता थेट जोडू नयेत. जोडलेल्या फाइलीत पहिल्या फाइलीची नोंद सगळ्यांना लागते आणि दुसरा भाग आडवा पडतो, मग तो मुळात कितीही सरळ असो.

नोंदीवर विश्वासच नसेल तेव्हा

जुन्या संग्रहात, वेगवेगळ्या रूपांतरांतून गेलेल्या शेकडो फाइली असतात आणि त्यांच्या नोंदींचा काही भरवसा नसतो. तिथे दिशा चित्रावरून ओळखावी लागते.

सर्वांत खात्रीचे साधन माणसाचा डोळा, फक्त त्याला काम सोपे करून द्यावे. प्रत्येक व्हिडिओतून तिसऱ्या सेकंदाची एक फ्रेम काढून त्याच नावाने जेपीईजी करून ठेवा:

एफएफएमपेग -एसएस ३ -आय मूळ.एमपी४ -फ्रेम्स:व्ही १ मूळ.जेपीजी

एफएफएमपेग ही फ्रेम नोंदीप्रमाणे फिरवूनच देतो, म्हणून फोल्डर लघुचित्रांत उघडला की चुकलेल्या फाइली एका नजरेत दिसतात. पहिल्या सेकंदाची फ्रेम टाळावी. तेव्हा फोन अजून हातात स्थिरावत असतो.

फाइली हजारोंच्या घरात असतील तर स्वयंचलित पद्धत लागते. व्हिडिओभर समान अंतराने दहा फ्रेम घ्या, प्रत्येक फ्रेम चारही दिशांनी फिरवा आणि चेहरे शोधणाऱ्या मॉडेलला दाखवा. ज्या दिशेत चेहरे जास्त आणि जास्त खात्रीने सापडतात ती त्या फ्रेमचे मत. दहापैकी सात मते एका बाजूला पडली तरच निर्णय मान्य करावा, नाहीतर फाइल माणसाकडे पाठवावी. एकच फ्रेम पाहून ठरवू नये; लोळणारे मूल किंवा आरशातला चेहरा मॉडेलला सहज फसवतो. पायथनमध्ये ओपनसीव्ही ही चित्रे हाताळणारी लायब्ररी वापरणाऱ्यांनी आधी तपासावे की त्यांची आवृत्ती फ्रेम आपोआप फिरवून देते की नाही. एका संगणकावर फिरवलेली आणि दुसऱ्यावर न फिरवलेली फ्रेम मिळाली तर पूर्ण यादी चुकते आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

चेहरे नसलेल्या पण मजकूर असलेल्या व्हिडिओंना, म्हणजे कागदपत्रे, फळा, पडद्यावरची सादरीकरणे यांना, टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा दिशा ओळखण्याचा प्रकार चांगला लागू पडतो. ‘--पीएसएम ०’ असा पर्याय दिला की तो मजकूर न वाचता फक्त दिशा, लिपी आणि खात्रीचा आकडा सांगतो. पानभर मजकूर असेल तर उत्तर बरोबर येते. दुकानाच्या पाटीसारखे दोन-चार शब्द असतील तर त्यावर विसंबू नये.

चेहरे नाहीत, मजकूर नाही, अशा दृश्यांसाठी चार वर्गांचे छोटे न्यूरल मॉडेल शिकवता येते. यातली सोय अशी की प्रशिक्षणाच्या फ्रेमना हाताने खुणा कराव्या लागत नाहीत: खात्रीने सरळ असलेल्या फ्रेम घ्यायच्या, स्वतः फिरवायच्या, आणि किती फिरवले तेच उत्तर. ‘वरचा भाग उजळ म्हणजे आकाश’ असले साधे नियम घरातल्या आणि रात्रीच्या दृश्यांत कोसळतात. छताचे किंवा जमिनीचे सरळ वरून-खालून घेतलेले चित्रण कोणत्याही मॉडेलला निश्चित सांगता येणार नाही, कारण तिथे ‘वर’ अशी बाजू चित्रात नसतेच. तिथे पाहणाऱ्याला काय सोयीचे ते माणसानेच ठरवावे.

दुरुस्तीनंतर आणि पुढच्या वेळी

दुरुस्त केलेली फाइल फोनच्या गॅलरीत अजून आडवीच दिसत असेल तर लगेच पुन्हा फिरवू नका. बहुधा ते साठवलेले जुने लघुचित्र असते. फाइल चालवून पाहा, किंवा नाव बदलून पुन्हा पाहा.

पाठवताना व्हॉट्सॲपसारखी ॲप व्हिडिओ नव्याने एन्कोड करतात. समोरच्याला मूळ नोंदीसह फाइल हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आणि तपासणीसाठी कोणी फाइल मागितली तर मूळच द्यावी. दुरुस्त प्रतीवरून मूळ बिघाड कळत नाही.

नवे चित्रीकरण करताना फोन आधी हव्या त्या दिशेत उभा धरावा, कॅमेरा ॲपमधली चिन्हे त्या बाजूला वळली की नाही ते पाहावे, आणि मगच लाल बटण दाबावे. वरून चित्रण करायचे असेल तर फोन आधी हव्या त्या दिशेत उभा धरून चिन्हे वळू द्यावीत, रेकॉर्डिंग तिथेच सुरू करावे आणि चालू ठेवूनच फोन सावकाश खाली झुकवावा. सुरुवातीचे ते दोन-तीन सेकंद नंतर कापून टाकता येतात. फोन स्टँडवर आधीच आडवा बसवलेला असेल आणि रेकॉर्डिंग चालू असताना हलवता येत नसेल, तर पाच सेकंदांचा चाचणी व्हिडिओ काढून त्याचा कोन पाहावा. तो चुकला असेल तर कॅमेरा ॲप पूर्ण बंद करून, फोन एकदा उभा करून, पुन्हा बसवावा.